आमची तर तयारी होती

"मुलीकडच्यांनी म्हटलं ना, तर आपण एका पायावर तयार आहो," बाबा म्हणाले आणि पोह्यांवर तर्री ओतून घेतली. "पण आपण कसं म्हणायचं? आपण मुलाकडचे."

सुरभीनं फोन त्यांच्या बशीशेजारी ठेवला. पडद्यावर धामणवाहीचा नकाशा, त्यात त्यांचा वॉर्ड, त्यात मंगल लॉन, आणि लॉनवर गुरुवारी दुपारचा चौकोन लालभडक. अंकुशचं, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं लग्न गुरुवारीच. मुहूर्त भर दुपारचा.

"बाबा, लाल आहे हा. केशरी नाही. लाल."

"दिसून राहिलं मला. आंधळा नाही झालो अजून."

"मग गोरज मुहूर्त घ्या ना! ऊन उतरलं की काटा पिवळ्यावर येतो. भटजींना विचारलं मी. ते म्हणाले, गोरज तर केव्हाही चांगला, यजमानांनी फक्त सांगावं."

"बघ!" बाबांनी चमचा नाचवला. "तोही म्हणतो यजमानांनी सांगावं. स्वतः म्हणतो का तो? नाही म्हणत. शहाणा आहे."

आता हे बाबा कोण, ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर यातली खरी गंमत कळायची नाही. वामनराव डाहुले, हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर. तीन वर्षांपूर्वी नगरपरिषदेच्या पटांगणात जी जंगी सभा झाली, तिच्यात यांनीच ठराव मांडला होता. काय बोलले होते! "आपली नातवंडं आपल्याला विचारतील, आजोबा, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही काय केलं?" बाया डोळे पुसत होत्या. ठराव असा, की लाल दिवशी दुपारी धामणवाहीत बाजार नाही, मिरवणूक नाही, सभा नाही, मांडव नाही; इशाऱ्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी नगरपरिषदेच्या एसी हॉलमध्ये जायचं. हात वर करा म्हटल्यावर अख्खं पटांगण हात वर. एकसुद्धा हात खाली नव्हता.

आणि तो लाल दिवस ठरवणारा घामकाटा बनवला होता यांच्याच लेकीनं.

घामकाट्याचं शास्त्र तसं सोपं आहे. माठातलं पाणी गार का होतं? माठाला घाम येतो, तो वाऱ्यावर सुकतो, आणि सुकताना पाण्यातली उष्णता घेऊन जातो. आपलं अंगही माठच की. चोवीस तास आत शेगडी पेटलेली, आणि वरून घाम सुकतो म्हणून आपण जिवंत. पण हवाच जर पाण्यानं गच्च भरलेली असली तर? मग घाम नुसता निथळतो, सुकत नाही. माठ गार होत नाही, आणि माणूसही. थर्मामीटरच्या टोकाला ओली वात गुंडाळली की तो बरोबर सांगतो की या हवेत अंग किती गार होऊ शकेल. हा ओल्या वातीचा आकडा एकतीसच्या वर गेला की म्हातारी माणसं, बीपीवाली माणसं आतून तापायला लागतात. पस्तिसाला तरणाबांड पोरगा सावलीत नुसता बसून राहिला तरी काही तासांत खलास. मग पंखा लावा, पाणी प्या, काही करा.

सुरभीनं काय केलं, तर गावभर खांबांवर ओल्या वातीचे काटे बसवले. तलाव कुठे, डांबर कुठे, झाड कुठे, वारा कुठून, हे सगळं यंत्राला शिकवलं, आणि ते यंत्र चार दिवस आधी सांगायला लागलं की अमुक गल्लीत, अमुक मांडवात, अमुक वेळी अंग गार होणार नाही. जिल्ह्याचं नाही, तुमच्या अंगणाचं! दिल्लीची माणसं बघायला आली होती.

पण गंमत अशी, की ही सगळी विदर्भातली माणसं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचं कोरडं ऊन कोळून प्यालेली. आणि आता व्हायचं काय, की बंगालच्या उपसागरावरची दमट हवा मे महिन्यातच येऊन बसायची. त्यामुळे पारा उलट खाली. एक्केचाळीस, बेचाळीस. लाल दिवस जाहीर झाला की पानठेल्यावर हसायचे. "एक्केचाळीस? बाप्पा, एक्केचाळिसात तर आमची पोट्टी क्रिकेट खेळतात!"

तरी कोणी ऐकलं नाही असं नाही हं. सगळ्यांनी ऐकलं. सगळे म्हणायचे, बरोबर आहे पोरीचं. किराणावाला म्हणायचा, मी बंद करतो, पण आधी समोरच्यानं करू दे. समोरचा म्हणायचा, मी तर केव्हाचा तयार आहो, यालाच विचारा. आमदार म्हणायचे, सभा रद्द करतो, पण विरोधकांची झाली तर? तीन वर्षांत एकाही लाल दिवशी एकही शटर खाली आलं नव्हतं. भोंगा वाजायचा, लोक घड्याळ लावून घ्यायचे.

तर आता घरचंच लग्न. सुरभीला वाटलं, निदान इथे तरी.

ती अंकुशकडे गेली. तो आरशासमोर फेट्याचा रंग बघत होता.

"ताई, मी काय बोलू? मी बोललो तर मावशा म्हणतील, आत्तापासूनच बायकोकडून बोलते."

"अरे, लोक मरतील."

"तू दरवेळी असंच म्हणते. तू पहिले त्यांना विचार ना."

म्हणून ती गेली गुलाबराव वासेकरांकडे. मुलीचे वडील. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, साठीचा गोल माणूस, मिशी कलप केलेली, बोलायला मोकळाढाकळा. नवरदेवाची थोरली बहीण दारात बघून त्यांची अशी धांदल उडाली! खुर्ची पुसली, टेबलफॅन तिच्याकडे वळवला, आतून सरबत आणवलं, आणि स्वतः उभेच.

"काकाजी, बसा ना."

"नाही नाही ताई, तुमी बसा. काही चुकलं का आमचं?"

तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नकाशा बघितला, मग दाराकडे एक नजर टाकून खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आवाज एकदम खाली आणला.

"खरं सांगू? मले बी भीती वाटून राहिली. मागच्या महिन्यात दुकानात चक्कर आली होती. डॉक्टर म्हणे, उन्हात जाऊ नका. आता पोरीच्या लग्नात मी उन्हात नाही जाणार तं कोण जाईन?"

"मग संध्याकाळी ठेवू ना!"

"ठेवा ना! माझी तं ना नाही. तुमी म्हणा, मी आत्ता कॅटररले फोन लावतो. पण..." त्यांनी कानाची पाळी धरली. "आमच्याकडून शब्द नको जायले. साखरपुडा झाल्यावर मुलीकडच्यानं तारीख-वेळ हलवली, की लोक काय म्हणतात माहीत आहे ना? पोरीत काही खोट आहे, लपवून राहिले. माझी दुसरी बी आहे मागं."

आणि हे ऐकून सुरभी स्कूटीवरून घरी आली ती जवळजवळ गातच आली. इकडचे तयार. तिकडचे तयार. भटजी तयार. फक्त दोघांना समोरासमोर बसवायचं, बस!

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं बसवलंही. बाबा एका सोफ्यावर, गुलाबराव दुसऱ्यावर, मध्ये चहा आणि चिवडा. आई स्वयंपाकघराच्या दारात. सुरभीनं विषय काढला, एकदम हसत, हलकं करून. "बाबा, काकाजी, ते गुरुवारच्या उन्हाचं जरा..."

पंखा फिरतोय. बाबा गुलाबरावांकडे बघतायत, गुलाबराव चिवड्याकडे.

"ऊन आहे म्हणतात," बाबा म्हणाले.

"हाओ, आहे म्हणतात," गुलाबराव म्हणाले.

"तुम्हाला काही अडचण नाही ना? म्हणजे असली तर निःसंकोच सांगा."

झालं! दार उघडलं होतं हो. एक शब्द पाहिजे होता. पण गुलाबरावांना त्या 'अडचण' शब्दात काय ऐकू आलं कोण जाणे. ते ताठ झाले.

"आमाले? छे छे छे! आमाले कशाची अडचण, सर? आमची तं जय्यत तयारी आहे. चोवीस कूलर लावले मांडवात. चारी बाजूंनी बंद कनाती. वऱ्हाड्यायले झळ नाही लागू देणार. तुमाले काही असंन तं सांगा."

आता बाबांना वाटलं, हा माणूस चोवीस कूलर लावून बसला आणि आपण वेळ बदला म्हणायचं? म्हणेल, हेडमास्तरला अजून काहीतरी पाहिजे.

"आम्हाला? छे! आम्ही केव्हाही तयार. मुहूर्तावरच लागलं पाहिजे."

"मुहूर्तावरच!" गुलाबराव म्हणाले.

दोघांनी चहाचे कप उचलले. दोघांचेही चेहरे उतरलेले. सुरभी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग बोललीच. "अहो, तुम्ही दोघंही मला वेगळं बोलला होता!"

"सुरभी," बाबा म्हणाले. फक्त एवढंच. शाळेतला आवाज.

गुलाबराव हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "ताईले काळजी आहे सगळ्यायची. चांगलं आहे."

त्यातलं एकच वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. चोवीस कूलर, बंद कनाती. रात्रीचं जेवणही तिनं नीट केलं नाही. गणित मांडून बसली. कूलर हवा गार कशानं करतो? पाणी सुकवून. पारा उतरतो खरा, पण ते सुकलेलं पाणी हवेतच जातं. ओल्या वातीच्या आकड्याला कूलर तसूभरही हलवू शकत नाही. कोरड्या उन्हात कूलर म्हणजे देव, विदर्भात घरोघरी तोच. पण बंद मांडवात आठशे माणसं, आठशे जणांचा घाम, आठशे अंगांची ऊब, आणि वरून चोवीस कूलर तीच ती हवा फिरवून पाणी पाजतायत. म्हणजे बाहेर एकतीस असेल तर आत चौतीस. मांडव कसला, इडलीचं भांडं!

बुधवारी ती मांडवाच्या रफीकभाईंना भेटली. ते शिडीवर चढून झालर लावत होते. "भाई, कनाती तरी उघड्या ठेवा. वारा खेळू द्या."

"मी तर आत्ता उघडतो बेटा," रफीकभाई वरूनच म्हणाले. "पार्टीला सांगायला लाव फक्त."

गुरुवार. आभाळ पांढुरकं, झाडाचं पान हलत नाही, पारा एक्केचाळीस. वऱ्हाडी मांडवात शिरले आणि पहिला शब्द काय, तर "वाऽऽ, काय थंड आहे!" कूलरच्या तोंडाशी खुर्च्या ओढायला झुंबड. आतला साधा पारा छत्तीस दाखवत होता. सुरभीच्या हातातल्या काट्याची ओली वात बत्तीस. मग वरात आली, नाचून नाचून घामानं निथळलेली पोरं आत घुसली. तेहेतीस. आई म्हणाली, "ठेव बरं तो डबा आता. फोटोत दिसून राहिला."

मंगलाष्टकांच्या आधी भोंगा वाजला. तीन वेळा, लांबलचक. ठरावाप्रमाणे सगळ्यांनी उठून नगरपरिषदेच्या एसी हॉलमध्ये जायचं होतं. आठशे माणसांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच बघितलं हं, सुरभीनं पाहिलं ते. एकेकाच्या डोळ्यांत होतं, की कोणी उठलं तर आपणही उठू. पण वधूपक्ष वरपक्षाकडे बघत होता, वरपक्ष वधूपक्षाकडे. अक्षता मुठीत. कोणी तरी डीजेवाल्याला खूण केली आणि त्यानं आवाज वाढवला. मोठा हशा पिकला. भोंगा बुडाला.

ती कनातीकडे धावली आणि दोऱ्या सोडायला लागली. एक पट्टा उघडला, बाहेरचं ऊन भसकन आत आलं.

"ओ बाई, बंद करा ते! झळ लागून राहिली!"

"गार हवा चालली सारी बाहेर!"

"नवरदेवाची बहीण आहे बे ती, हळू बोल."

"मग काय झालं? समजत नाही का?"

दोन काकांनी येऊन, तिला अगदी प्रेमानं बाजूला करून, कनात पुन्हा बांधली. तिनं काटा बघितला. चौतीस.

आणि गुलाबराव? बंद गळ्याचा जाड कोट, डोक्याला फेटा. सकाळपासून फाटकात उन्हात हात जोडून उभे. मग कन्यादान. मग पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन वाकून वाकून आग्रह. मुलीच्या बापानं आग्रह केला नाही तर वरपक्ष जेवत नाही ना! सुरभी त्यांच्यामागे धावली.

"काकाजी, कोट काढा. पाया पडते तुमच्या."

"थोडंच राहिलं ताई. सर जेवले की काढतो." चेहरा लालबुंद, आणि कपाळ आता कोरडं पडायला लागलेलं. ते बाबांसमोर आले. "सर, एक घ्या ना. माझ्या हातची."

बाबांच्या गळ्यातून घास उतरत नव्हता. त्यांनाही गरगरत होतं. पण व्याही समोर उभा. "द्या की, एकच," म्हणून त्यांनी ताट पुढं केलं.

जिलेबी ताटात पडली आणि पाठोपाठ गुलाबराव.

"चक्कर आली, चक्कर! कूलरजवळ न्या!" आठ-दहा जणांनी उचलून त्यांना कूलरसमोर ठेवलं. कूलर ओली गरम हवा त्यांच्या तोंडावर फेकत राहिला. कोणी कांदा आणला. सुरभीनं सरबताच्या काउंटरवरचं बर्फाचं टोपलं ओढत आणलं, कोटाची बटणं तोडली, काखेत, मानेवर बर्फ रचला. बर्फ भराभर वितळत होता. नवरी, त्यांची प्रांजली, मुंडावळ्यांसकट धावत आली, "बाबा, बाबा" करत. गुलाबराव तिच्याकडे बघून काहीतरी बोलले. ओळखून बोलले की भ्रमात, देव जाणे. म्हणाले, "सर जेवले का?"

हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते गेले होते. मांडवातली आणखी कितीतरी माणसं त्या दिवशी सलाइनवर होती. गुलाबरावांची मोठी बहीण दुसऱ्या दिवशी गेली.

आता तुम्हाला वाटेल, मग तरी गावाचे डोळे उघडले असतील. सांगते ऐका.

स्मशानातच सुरू झालं. बाबा रडत रडत म्हणाले, "अहो, आमची तर तयारी होती, वेळ बदलायची. त्यांनी एक शब्द टाकायचा होता." पलीकडे गुलाबरावांचा भाऊ म्हणत होता, "दादा तं तयारच होता. सरांनी नुसतं म्हणायचं होतं." किराणावाला म्हणाला, आम्ही तर भोंगा वाजल्याबरोबर उठणारच होतो, पण कोणीच उठेना. आठशे माणसं तयार होती. आठशेच्या आठशे!

मग कोणाचं तरी म्हणणं आलं, की भोंग्यामुळे झालं. ऐन मुहूर्तावर तो अभद्र आवाज, माणूस दचकला, हार्टवर ताण आला. दुसरं म्हणणं त्याहून वाईट. सून पांढऱ्या पायाची. हे पानठेल्यावर बोलत होते, आणि घरात मावशा. नगरपरिषदेनं पुन्हा सभा घेतली. ठराव, की लग्नतिथीच्या दिवशी भोंगा बंद ठेवावा, लोकभावनेचा आदर म्हणून. पुन्हा सगळे हात वर. सुरभी पहिल्या रांगेत बसून बाबांच्या हाताकडे बघत होती. तो जरा उशिरानं वर गेला. पण गेला.

तेव्हापासून ती बापाशी बोलेना. भित्रे सगळे, ती म्हणायची. एक वाक्य! एक वाक्य बोलायला काय लागतं माणसाला?

आणि आली गुलाबरावांची तेरवी, तेराव्या दिवसाची जेवणं. तिनं नकाशा उघडला. वासेकरांचं अंगण, दुपारचा चौकोन, लाल.

या वेळी ती कोणालाच विचारणार नव्हती. ना बापाला, ना अंकुशला. आदल्या दिवशी सरळ स्कूटी काढली आणि गेली. वाटेत मोठ्यानं म्हणून बघत होती. "काकू, जेवणं संध्याकाळी ठेवा. काकू, कनाती लावू नका." सोपं तर होतं.

अंगणात मांडव पडत होता. ओसरीवर शकुंतलाकाकू बसल्या होत्या, गुलाबरावांची बायको. मोकळं कपाळ, मोकळे हात, पुढ्यात सुपात तांदूळ. प्रांजली माहेरीच होती, अजून सासरी नेलं नव्हतं तिला. ती दाराला टेकून उभी. गळ्यातलं मंगळसूत्र नवंकोरं.

"या ताई," काकू म्हणाल्या आणि सूप बाजूला सारून सतरंजी झटकली. "बसा. तुमी आल्या, बरं वाटलं. म्हटलं, तुमच्याकडून येतंय का नाही कोणी."

"असं का म्हणता काकू?"

"लोक बोलून राहिले ना. म्हणतात, मुलाकडचे आता पोरीले नेत नाहीत. तेरवीचं बी काही ना काही कारण काढतीन, पाहाच म्हणे." त्या तांदळात बोटं फिरवत राहिल्या. वर बघेनात. "मी म्हटलं, नाही जी. सरांचं घर तसं नाही."

सुरभीनं तोंड उघडलं. आता म्हणायचं, की वेळ बदला? मुलाकडून? आज? ती दाराकडे बघते तर प्रांजली तिच्याच तोंडाकडे बघतेय, श्वास रोखून, जसं काही सुरभीच्या पुढच्या शब्दावर तिचं सगळं आयुष्य टांगलंय. आणि खरंच टांगलेलं होतं.

"जेवणं बाराला ठेवली," काकू म्हणाल्या. मग अगदी हळू, जणू सुपालाच विचारतायत, "चालंन ना तुमच्याकडच्यायले? ऊन असते म्हणून म्हटलं. तुमाले काही अडचण असंन तं..."

सुरभीनं मांडीवरचा फोन पालथा घातला.

"आम्हाला?" ती म्हणाली. "छे, आम्हाला कसली अडचण, काकू. आम्ही सगळे येतो. बाराला."